बाळाची कार सीट : विकत घेण्यापासून पट्टा ओढेपर्यंत

लेक सात महिन्यांची असताना आम्ही साताऱ्याहून पुण्याला येत होतो. खंबाटकीचा बोगदा संपला, आणि पुढच्या एस आकाराच्या वळणावर मला दिसलं की तिची सीट दाराकडे कलतेय. लेक पट्ट्यात होती, गाढ झोपली होती. पण सीटच गाडीला धरून नव्हती. घाट उतरल्यावर पहिल्या हॉटेलाच्या आवारात गाडी लावली, टॉर्च घेऊन गादीच्या फटीत पाहिलं. डाव्या बाजूचा लॉक कडीत अडकलेलाच नव्हता. दुकानातल्या मुलाने सीट बसवून दिली होती, आम्ही वरून एकदा हलवून पाहिली होती आणि सात महिने लेकीला तशीच फिरवली होती.

त्या दिवसापासून ओळखीत कुणाकडे बाळ आलं की मी त्यांची कार सीट हाताने हलवून बघते. दहापैकी सात-आठ सीट हलतात. घेणाऱ्यांनी पैसे खर्च केलेले असतात, मनापासून निवड केलेली असते, फक्त शेवटचं दहा मिनिटांचं काम राहिलेलं असतं. हा लेख त्या दहा मिनिटांसाठी आहे, आणि त्याच्या आधीच्या खरेदीसाठीही.

आधी मांडीचं बोलू

आपल्याकडे बाळ गाडीत मांडीवरच बसतं. आजीच्या मांडीवर तर हक्कानेच. 'मी घट्ट धरीन की' असं प्रत्येक आजी म्हणते, आणि तिच्या मायेबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. अडचण ताकदीची आहे. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय आणि समोर धडकून, नाक अर्धा मीटर चेपून थांबली असं धरा. त्या क्षणात दहा किलोचं बाळ पुढे झेपावतं ते सुमारे २०० किलोच्या जोराने. दोनशे किलो कुणाच्याच हातात राहत नाहीत. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडणं. गॅलरीत बाळाला घेऊन उभं राहताना आपण जेवढे सावध असतो, तेवढंच गाडीत असायला हवं.

दोन गोष्टी त्याहून वाईट. एक, आपल्याच बेल्टमध्ये बाळालाही घेणं. धडकेत आपलं सगळं वजन मागून त्या चिमुकल्या अंगावर येतं आणि बाळ आपल्या आणि बेल्टच्या मध्ये चिरडलं जातं. दुसरी, पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेणं. समोरची एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत, ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगाने फुगते. मोठ्या माणसाच्या छातीसाठी ती बनवलेली आहे. बाळासाठी ती ठोसा आहे. कांगारू बॅग किंवा झोळीचं कापड अंगाला बांधून बाळ घेतलं तरी हिशोब तोच.

मागे बसलेल्या मोठ्यांनीही बेल्ट लावायचा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. बेल्ट न लावलेला मोठा माणूस धडकेत गाडीत भिरकावला जातो, आणि शेजारी सीटमध्ये नीट बसवलेल्या बाळावरही आदळू शकतो.

कायद्याचं थोडक्यात : २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा बालआसनाशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड आहे. चौकात या कारणासाठी कुणाला थांबवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पण सीट काही पोलिसांसाठी घ्यायची नसते.

कोणती सीट

दुकानात गेलात की रंग, कापड, कप ठेवायची जागा हे सगळं दाखवतील. तुम्ही सीट उलटी करा आणि मागचं किंवा खालचं लेबल शोधा. नारिंगी रंगाचं लेबल, त्यावर गोलात इंग्रजी ई अक्षर आणि शेजारी देशाचा आकडा. खाली दोहोंपैकी एक लिहिलेलं असतं : 'आर ४४/०४' हे जुनं युरोपीय मानक, किंवा 'आर १२९' हे नवं, ज्यातल्या एका प्रकाराला आय-साइझ म्हणतात. भारतीय मानक एआयएस-०७२ हे आर ४४ च्याच धर्तीवर आहे. यांपैकी काहीच नसेल तर ती सीट परत ठेवा, कितीही गोंडस असली तरी. ऑनलाइन काही शेकड्यांत मिळणारी, सीटला बांधायची कापडी गादी आणि तिला शिवलेले पट्टे, ही कार सीट नव्हेच. ती शिवण धडकेत टिकायला बनवलेलीच नसते.

दोन मानकांतला फरक घेणाऱ्याच्या दृष्टीने असा : आर ४४ च्या सीट बाळाच्या वजनावर ठरतात, आर १२९ च्या मुख्यतः उंचीवर. बाळाची उंची आपल्याला सहसा नक्की माहीत असते, लसीकरणाच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. शिवाय आर १२९ मध्ये बाजूने होणाऱ्या धडकेचीही चाचणी घेतात, आणि पंधरा महिन्यांच्या आत बाळाचं तोंड पुढे करायला मुभाच नाही. परवडत असेल तर आर १२९ घ्या. परवडत नसेल तर आर ४४/०४ ची साधी सीट नीट बसवा. सैल बसवलेल्या महागड्या सीटपेक्षा ती कितीतरी पटींनी बरी.

सीटचे ढोबळ तीन प्रकार. पहिली, कडी असलेली बाळाची टोपलीसारखी सीट, जी आर ४४ मध्ये १३ किलोपर्यंत चालते आणि जिच्यात बाळाचं तोंड कायम मागच्या काचेकडे असतं. दुसरी, कन्व्हर्टिबल : आधी तोंड मागे, मग पुढे, साधारण चार वर्षांपर्यंत. तिसरी, बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला उंच करून गाडीचाच बेल्ट त्याच्या अंगावर योग्य जागी आणणारी बैठक. एकच सीट घेणं शक्य असेल तर मी कन्व्हर्टिबल सुचवेन, पण ती तान्ह्या बाळाला पुरेशी झोपती होते का, हे दुकानातच पाहून. 'जन्मापासून बारा वर्षांपर्यंत' अशी जाहिरात असलेली सीट घेताना जास्त चौकशी करा. सगळ्या वयांना सामावायच्या नादात तान्ह्या बाळाला ती फार उभी पडू शकते.

पैसे देण्याआधी सीट खाली गाडीपर्यंत न्या. हे दुकानदाराला आवडत नाही, तरी आग्रह धरा. आपल्या छोट्या गाड्यांत मोठी सीट मागे तोंड करून बसवली की पुढची सीट इतकी सरकवावी लागते की गुडघे डॅशबोर्डला लागतात. काही गाड्यांत बेल्ट सीटभोवती फिरवायला पुरतच नाही, हाताएवढा कमी पडतो. हे घरी आल्यावर कळलं तर वाईट वाटतं.

गाडीत काय आहे ते पाहा

मागच्या सीटची गादी आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत हात घाला. दोन जाड लोखंडी कड्या लागल्या तर तुमच्या गाडीत आयसोफिक्स आहे, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायची सोय. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ती सोय डाव्या-उजव्या दोन्ही जागी असते. आणि इथे आपल्या देशातली एक खास अडचण येते : सीट कव्हर. नवी गाडी शोरूममधून निघाली की आपण थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात नेतो, आणि तो माणूस पलंगाला चादर खोचावी तसं जाड रेक्झिन त्या फटीत कोंबतो. कड्या झाकल्या जातात, बेल्टची बकलं गादीखाली जातात. लेकीची सीट कललेली त्या दिवशी आमचं कारण हेच निघालं. लॉक आणि कडी यांच्यामध्ये रेक्झिनची घडी आली होती. कार सीट जिथे बसवायची तिथलं कव्हर काढूनच टाका. सीटवर डाग पडले तर पडू द्या.

जागा कोणती? मागची, हे नक्की. मागच्यांतली कोणती, तर बहुतेक घरांसाठी डावी. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, म्हणजे बाळाला फुटपाथच्या बाजूने ठेवता-काढता येतं, भर रहदारीत पाठ करून उभं राहावं लागत नाही. मधली जागा बाजूच्या धडकेपासून सगळ्यात लांब असते हे खरं, पण तिथे बहुधा आयसोफिक्स नसतं आणि जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो.

काहीच इलाज नसेल, उदाहरणार्थ गाडी दोनच सीटची असेल, तर मागे तोंड केलेली सीट पुढे लावण्याआधी त्या बाजूची एअरबॅग बंद असल्याची खात्री हवीच. तशी किल्लीने बंद करायची सोय काही गाड्यांत डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या कडेला असते. ती नसेल तर पुढची जागा विसरा. उन्हाच्या झडपेवरचं ते लाल काट मारलेलं चित्र याचसाठी असतं.

बसवायला बसा

गाडी सपाट जागी लावा. घाईच्या दिवशी नको, रविवारी सकाळी. सीटची पुस्तिका आणि गाडीची पुस्तिका दोन्ही उघडून ठेवा; दोघींत बालआसनाचं प्रकरण असतं आणि दोघी एकमेकींना पूरक असतात.

आयसोफिक्स असेल तर सीटच्या खालचे दोन्ही आकडे पूर्ण बाहेर काढा, कड्यांच्या रेषेत आणा आणि ढकला. दोन 'टक' आवाज यायला हवेत, एक डावीकडून, एक उजवीकडून. दोन्ही बाजूंच्या छोट्या खिडक्या लालच्या हिरव्या व्हायला हव्यात. एकच हिरवी झाली असेल तर काम अर्धंही झालेलं नाही. मग सीट पाठीकडे रेटा, म्हणजे आकडे आत सरकून ती घट्ट बसेल.

एवढ्यावर थांबायचं नाही. दोन आकड्यांवर सीट पुढे गोता खाऊ शकते, म्हणून तिसरा आधार लागतो. तो एक तर सपोर्ट लेग असतो, म्हणजे सीटखालून जमिनीपर्यंत जाणारा पाय, किंवा टॉप टेदर, म्हणजे सीटच्या डोक्यामागून गाडीला अडकवायचा पट्टा. पाय जमिनीला भक्कम टेकला पाहिजे, पण सीटला वर उचलता कामा नये. गाडीच्या तळाला सामानाचा झाकणवाला कप्पा असेल तर त्यावर पाय ठेवायचा नाही, झाकण मोडतं. टॉप टेदरचा हुक बहुधा मागच्या सीटच्या पाठीला किंवा डिकीच्या तळाला असतो. डिकीत सामान बांधायचे हुकही असतात आणि ते दिसायला तसेच असतात. जहाजाच्या नांगराचं चित्र असेल तोच खरा. टेदर लावून पट्टा ताणून घ्या. पुढे तोंड केलेल्या सीटमध्ये टेदर लावायचा राहिला तर धडकेत मुलाचं डोकं बरंच पुढे जातं, आणि पुढच्या सीटची पाठ तिथेच असते.

आयसोफिक्स नसेल तर बेल्टने सीट तितकीच पक्की बसते, फक्त कष्ट जास्त. सीटवर बेल्टचा मार्ग रंगाने दाखवलेला असतो : मागे तोंड असताना निळा, पुढे तोंड असताना लाल. मार्ग चुकला तर सीट बसल्यासारखी वाटते आणि धडकेत निसटते. बेल्ट कुठेही पिळलेला नको. बकल लावा, मग सीटवर गुडघा किंवा तळहात टेकवून सगळं वजन टाका आणि दुसऱ्या हाताने बेल्टचा ढिलेपणा ओढून घ्या. आधी कमरेचा भाग, मग खांद्याचा. लॉकची चिमटी असेल तर ती बंद करा. शेवटी बकलकडे बघा. बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर वाकून बसलं असेल तर धडकेत ते तुटू शकतं. तशी स्थिती असेल तर जागा बदला, नाहीतर सीट बदला.

आता परीक्षा. जिथून बेल्ट किंवा आकडे जातात तिथे सीट धरा, वरचा डोक्याकडचा भाग नव्हे, आणि डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे बोटाच्या पहिल्या पेरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. मागे तोंड केलेल्या सीटचा वरचा भाग थोडा हलतो, ते चालतं.

मागे तोंड असताना तान्ह्या बाळाची पाठ साधारण ४५ अंशांत झोपती हवी. बाजूला तशी खूण किंवा पाण्याचा बुडबुडा असतो. जास्त उभी झाली तर बाळाची हनुवटी छातीला टेकते, आणि तान्ह्या बाळाची श्वासनलिका एवढ्यानेही दबते. हा मुद्दा अगदी पहिल्या महिन्यांत सगळ्यात महत्त्वाचा.

दुपटं, टोपडं, कुंची

बाळाला प्रसूतिगृहातून घरी आणतानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला टोपडं, वरून आजीने हौसेने शिवलेली कुंची. असं गाठोडं सीटमध्ये ठेवताच येत नाही, कारण पायांमधला पट्टा पायांमधून यायला हवा आणि दुपट्यात पाय बांधलेले असतात. दुपटं सोडा. कुंची काढा, तिची मागची जाड घडी डोकं पुढे ढकलते. बाळाला साध्या सुती अंगड्यात सीटमध्ये ठेवा, पाठ आणि बूड सीटला पूर्ण टेकलेलं. पट्टे लावा, ओढा. मग वरून दुपटं पांघरा. ऊब तीच मिळते आणि पट्टा अंगाला लागून राहतो.

सीटसोबत आलेली नसेल अशी कोणतीही उशी, गोधडीची घडी, मानेखाली टॉवेल बाळाच्या मागे घालायचा नाही. धडकेत ती गादी चेपते आणि तेवढाच पट्टा सैल होतो. महाबळेश्वरच्या थंडीत जाड जॅकेट घातलं तरी हेच, आणि टोरंटो-मिनेसोटाच्या हिवाळ्यात बाळं वाढवणाऱ्या आपल्या मंडळींनी तर हे रोज सांभाळायला हवं. खात्री करायची असेल तर जॅकेटसकट पट्टा घट्ट करा, मग पट्टा न सैल करता बाळाला बाहेर काढा, जॅकेट उतरवून परत ठेवा. मध्ये किती जागा राहते ते एकदा बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

खांद्याचे पट्टे किती उंचीवरून यावेत, याचे नियम दिशेनुसार उलट आहेत. तोंड मागे असताना पट्टा खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून. तोंड पुढे असताना खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित वरून. बाळ दर दोन-तीन महिन्यांनी वाढतं, पट्टे तिथेच राहतात. लसीच्या तारखेला पट्ट्यांची उंचीही तपासायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि घट्टपणा? पट्टा खांद्यावर, गळपट्टीच्या हाडाजवळ, अंगठा आणि तर्जनीने उभा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. घडी चिमटीत आली तर सैल आहे. बोटं नुसती घसरली तर बरोबर. आपल्याला ते घट्ट वाटतं, 'बाळाला काचेल' असं सासूबाईही म्हणाल्या होत्या. मी त्यांचं बोट पट्ट्याखाली सरकवून दाखवलं. सपाट बोट जातं, पण चिमटी बसत नाही. पुढच्या वेळेपासून पट्टा त्याच ओढायला लागल्या. अमेरिकेतल्या सीटना छातीवर एक वेगळी क्लिप असते, ती काखेच्या रेषेत हवी, पोटावर नाही.

तोंड पुढे कधी

शक्य तितक्या उशिरा. इथे मला जास्त बोलायचंय, कारण चूक सगळे इथेच करतात.

बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं. आपलं सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. मान कोवळी, मणक्यांमधली हाडं अजून पूर्ण सांधलेली नाहीत, काही भाग कूर्चेचाच आहे. तोंड पुढे असताना गाडी धडकली तर पट्टे धड धरतात, आणि एवढं जड डोकं त्या कोवळ्या मानेला हिसका देत पुढे जातं. तोंड मागे असेल तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम सीटच्या कवचात दाबलं जातं आणि जोर पूर्ण पाठीवर पसरतो. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात बर्टिल आल्डमन यांनी हा विचार मांडला, अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर कसे झोपवले जातात ते पाहून. तिथे आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवतात.

आपल्याकडे मात्र वाढदिवस झाला की सीट फिरवतात. कुणी नऊ किलो झाल्याबरोबर फिरवतं, कारण आर ४४ च्या लेबलावर पुढच्या गटाची सुरुवात नऊ किलोंपासून लिहिलेली असते. ती मुभेची खालची सीमा आहे, मुहूर्त नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अटच काढून टाकली आणि सांगितलं, की सीटची मागे तोंड करण्याची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवा.

'पाय दुमडतात हो तिचे' हे कारण हमखास येतं. पाय दुमडू द्या. मुलं जमिनीवरही मांडी घालून, बेडकासारखे पाय करून तासन्‌तास बसतात. त्यांना ते सुखाचं असतं. तोंड मागे असताना मर्यादा संपल्याची खरी खूण म्हणजे डोक्याचा माथा सीटच्या कवचाच्या वरच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत येणं, किंवा लेबलवरचं वजन ओलांडणं. आम्ही लेकीची सीट तीन वर्षं पूर्ण झाल्यावर फिरवली.

पट्ट्यांच्या सीटमधून बूस्टरमध्येही घाईने जायचं नाही. आणि बूस्टर सोडायचा कधी? मूल गाडीच्या सीटवर पाठ पूर्ण टेकून बसतं, गुडघे सीटच्या कडेला वाकतात, कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांवर येतो, वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मध्यातून जातो आणि सगळा प्रवास ते तसंच बसू शकतं, तेव्हा. १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीच्या आसपास हे जमतं, म्हणजे अनेक मुलांना दहा-अकराव्या वर्षी. पाचवीतल्या मुलाला बूस्टर लाजिरवाणा वाटतो, हे मला कळतं. पण पोटावर आलेला पट्टा धडकेत आतड्यांना इजा करतो. पाठ नसलेला बूस्टर वापरायचाच असेल तर १२५ सेंटिमीटरनंतर.

रडतं, उतरायचं म्हणतं

पहिले चार-सहा प्रवास रडतील. सीट घरात आणा, दिवाणखान्यात ठेवा, बाळाला तिच्यात बसवून पाच मिनिटं खेळवा. मग गाडीत, उभ्या गाडीत. मग सोसायटीला एक फेरी. चालत्या गाडीत पट्टा एकदा जरी सोडला तर मूल लक्षात ठेवतं की रडलं की सुटका होते. रडू असह्य झालं तर गाडी थांबवा, मग पट्टा सोडा. एक्स्प्रेसवेवर कडेच्या पट्टीत थांबायचं नाही. फूड मॉलपर्यंत जायचं. तिथे तसंही उतरायला हवंच, कारण दर दीड-दोन तासांनी बाळाला सीटमधून काढून आडवं करायला लागतं, आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याहूनही लवकर. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत पहिल्या प्रवासाआधी बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. घरी पोहोचल्यावर 'झोपलंय तर राहू दे' म्हणून बाळाला तसंच सीटमध्ये झोपवत ठेवायचं नाही.

हातात देण्याची खेळणी मऊच. मागच्या काचेखाली ठेवलेली पाण्याची बाटली, खाऊचा स्टीलचा डबा, बाजूला नुसता टेकवलेला मोबाइल, हे सगळं धडकेत दगड होतं. डिकीत ठेवा.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, उन्हात उभ्या गाडीतलं बकल हाताला चटका देतं. बसवण्याआधी आपल्या मनगटाने तपासा. सीटवर पांढरी चादर टाकून गाडी लावा, बाळ आलं की चादर काढा. आणि 'दूध घेऊन येते एका मिनिटात' म्हणून बाळाला गाडीत एकटं ठेवायचं नाही. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी वाढतं; बाहेर ४२ असेल तर आत काय होईल ते तुम्हीच पाहा. लहान बाळाचं शरीर मोठ्यापेक्षा कितीतरी लवकर तापतं.

टॅक्सी, आजोळ आणि अमेरिकेहून आलेली सीट

ॲपच्या टॅक्सीत बाळासाठी सीट मिळेल असं धरून चालू नका. तुमची हलकी टोपलीवाली सीट बेल्टने बसते का, ते घरच्या गाडीत चार-पाच वेळा करून बघा. सवयीने तीन मिनिटांचं काम होतं. गाडी आल्यावर आधी मागचं बकल शोधा, टॅक्सीत ते हमखास कव्हरखाली असतं. चालक घाई करतात, पण 'भाऊ, बाळाची सीट लावतेय, दोन मिनिटं' म्हटलं की बहुतेक जण उतरून मदत करतात. रिक्षात सीट बसत नाही. लांबचा, वेगाचा रस्ता असेल तर रिक्षा टाळणं एवढंच हातात आहे. दुचाकीवर मुलाला न्यावंच लागत असेल तर केंद्राच्या २०२२ च्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० च्या आत.

आजोळी सीट न्यायचा कंटाळा येतो. पण आजोबांची गाडी आणि तुमची गाडी वेगळी असते, त्यामुळे बसवल्यावर तीच अडीच सेंटिमीटरची परीक्षा तिथेही.

अमेरिकेतल्या बहिणीने किंवा मित्राने वापरून दिलेली सीट हा नाजूक विषय आहे. सीट चांगली असते, पण ती तिथल्या गाड्यांसाठी बनलेली असते. तिथल्या बेल्टमध्ये तो पूर्ण बाहेर ओढून सोडला की तिथेच लॉक होण्याची सोय असते. आपल्या बहुतेक गाड्यांच्या बेल्टला ती नसते. तो फक्त हिसका बसल्यावर लॉक होतो आणि एरवी सैलच राहतो. म्हणजे ती सीट बेल्टने बसवली तर लॉकिंग क्लिप नावाची वेगळी पट्टी लागते. घेण्याआधी एवढं विचारून, गाडीत बसवून बघा.

आणि कुणाचीही वापरलेली सीट घेताना तीन प्रश्न : अपघातात सापडली होती का, पुस्तिका आणि सगळे भाग आहेत का, आणि तळाशी छापलेली मुदत संपली का. उन्हा-थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, म्हणून कंपन्या साधारण सहा ते दहा वर्षांची मुदत देतात. ओळखीतल्या कुणाची सीट असेल तर खरं उत्तर मिळतं. अनोळखी विक्रेत्याकडून मी घेणार नाही.

मोठी धडक झाली तर सीट बदलायची, बाळ त्यात नसलं तरी आणि वरून तडा दिसत नसला तरी. आमची पहिली सीट मुदत संपल्यावर भंगारात द्यायची होती. ती तशीच दिली तर कुणीतरी धुऊन-पुसून पुन्हा विकेल, म्हणून मी खांद्याचे दोन्ही पट्टे शिवणीच्या कात्रीने कापले आणि पाठीवर जाड मार्करने लिहिलं : वापरू नये. पट्टा विणीचा असतो, साध्या कात्रीने पटकन कापला जात नाही. थोडा वेळ लागतो.